कानबाईच्या रात्री झोपलेली सून

सासरच्या गावात जाऊन पुनम कुठे राहते असं विचाराल तर कोणी सांगणार नाही. कानबाईच्या रात्री झोपलेली सून कोणती, असं विचारा, शेंबडं पोरसुद्धा घरापर्यंत आणून सोडेल. विचारा खुशाल. झोपले ते झोपले, आणि चांगली घोरत झोपले.

गाव धुळ्याच्या पुढे आहे. आम्ही राहतो जळगावला, माझा नवरा प्रेमराज तिथे चटईच्या कारखान्यात आहे. माझं माहेर नशिराबादचं. आणि मला मिरगी आहे. हे शेवटचं वाक्य आमच्याकडे लोक दार लावून बोलतात. मी मोठ्यानं बोलते, कारण कुजबुजल्यानं ती काही कमी होत नाही.

पहिली फिट मला लग्नानंतरच्या पहिल्या कानबाईला आली. तुम्ही खान्देशातले नसाल तर सांगते. श्रावणात नागपंचमी झाली की येणाऱ्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. पिढ्यान् पिढ्या चालत आलेला नारळ, त्याला डोळे, नथ, लुगडं, आणि चौरंगावर तिची स्थापना. सुरतेपासून पुण्यापर्यंत पांगलेले भाऊबंद त्या दिवशी गावात हजर, कारण कानबाईचे रोट भाऊबंदांनीच मिळून खायचे असतात. रात्रभर गाणी, फुगड्या, जागरण. सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर विसर्जन. आणि त्या मिरवणुकीत कोणा ना कोणा बाईच्या अंगात कानबाई येते. आली की वाजंत्री थांबते, सगळे हात जोडतात आणि तिला विचारतात, माय, तुला काय पाहिजे. ती मागेल ते द्यायचं, मागे फिरायचं नाही.

मी नवी सून. दिवसभर कडक उपास, रात्रभर जागरण, सकाळी डफापुढे नाचायला लावलेली. पडले. हातपाय झाडले, तोंडाला फेस आला. शुद्धीवर येऊन बघते तर कपाळावर मूठभर हळदकुंकू आणि माझ्या आजीच्या वयाच्या बाया माझ्या पाया पडतायत. सासूबाईंचा, भागाबाईंचा, आम्ही त्यांना अक्का म्हणतो, ऊर नुसता भरून आला होता. तोवर दरवर्षी कानबाई माझ्या चुलत जावेच्या, कुंदाबाईच्या, अंगात यायची. त्या वर्षी ती अक्कांच्या घरात आली. कुंदाबाईचं तोंड तेव्हा जे वाकडं झालं ते अजून सरळ झालेलं नाही.

मग दिवाळीच्या सुमारास मी जळगावला मिक्सरजवळ पडले. लसणाची चटणी वाटत होते. देवी काही चटणी वाटताना येत नाही, एवढं अक्कांनाही कळलं. डॉक्टरांनी डोक्याला तारा लावून पट्टी काढली, मिरगी आहे म्हणाले, गोळ्या सुरू झाल्या. फिट कमी झाल्या, पण गेल्या नाहीत. आणि तेव्हापासून माझी काय गंमत झाली बघा. फिट तीच. गावात कानबाईच्या सोमवारी आली की माझ्या पाया पडायचं आणि जळगावला मंगळवारी आली की माझ्याच नाकाला चप्पल लावायची.

अक्का वाईट नाहीत. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी त्यांच्यावर बरीच चिडणार आहे.

मला मुलगी झाली, भूमिका. बाळंतपणाला अक्का जळगावला आल्या त्या राहिल्याच. ती पालथी पडायला लागली होती तेव्हाची गोष्ट. पलंगावर तिला मांडीवर घेऊन बसले होते आणि फिट आली. मी इकडे, पोर खाली फरशीवर. कपाळाला टेंगूळ आलं, बाकी काही झालं नाही, पण अक्कांनी तो आवाज ऐकला होता. त्या दिवसापासून पोर त्यांच्या कडेवर. मी दूध पाजायला घेतलं तरी अक्का समोर हात पसरून बसायच्या, जसा काही चेंडू झेलायचा आहे. अंघोळ त्या घालणार, भरवणार त्या, निजवणार त्या. मला राग यायचा आणि रागवायला तोंड नव्हतं. टेंगूळ तर खरंच आलं होतं ना! मी रात्री कूस बदलून रडायचे आणि सकाळी डोळे सुजले की अक्का म्हणायच्या, बघा, हिला परत येणार वाटतं.

त्यात या वर्षी सासऱ्यांना, सुकदेव आबांना, गावाकडे एकट्यानं शेत आणि चूल दोन्ही झेपेना. अक्कांनी ठरवलं की कानबाईनंतर आपण गावीच राहायचं. मग भूमिकाचं काय? प्रेमराज दिवसभर कारखान्यात. घरात मी एकटी. अक्का म्हणाल्या, पोर गावीच ठेवू. मला शेतात जावं लागेल तेव्हा कुंदाबाई बघेल, तिचं घर भरलेलं आहे. तुम्ही रविवारी येत जा. प्रेमराज फरशीकडे बघत राहिला. आईपुढे त्याला फरशी फार आवडते.

माझं डोकं फिरलं. पोर माझी, आणि मी तिला रविवारी बघायला जायचं, कुंदाबाईच्या घरी? मी डॉक्टरांकडे गेले आणि म्हणाले, गोळी वाढवा, दोन करा, चार करा, पण हे थांबवा. डॉक्टर म्हणाले, गोळी आहे तीच बरोबर आहे. आता तुम्ही वरच्या खोलीत प्रियल मॅडमना भेटा.

प्रियल मॅडम म्हणजे जळगावातल्याच एका मारवाडी दुकानदाराची मुलगी. मानसशास्त्र शिकून आलेली, माझ्याहून लहान. मला वाटलं, ही आता मला शांत राहा, टेन्शन घेऊ नका म्हणणार. टेन्शन घेऊ नका म्हणणाऱ्या माणसाला मला दोन ठेवून द्याव्याशा वाटतात. पण तिनं भलतंच विचारलं. फिट यायच्या आधी काय होतं?

इतक्या वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. पडल्यानंतर मी कशी दिसते हे सगळ्यांनी सांगितलं होतं. आधी मला काय होतं ते फक्त मलाच माहीत होतं. मी सांगितलं, डाव्या करंगळीला मुंग्या येतात, मग उंच झोका खाली येताना पोटात होतं तसं होतं, मग काही आठवत नाही. ती म्हणाली, म्हणजे तुमच्याकडे थोडा वेळ असतो. थोडा का होईना, तो तुमचा आहे. आपण तो वापरायला शिकू.

मग तिनं खोदून खोदून विचारलं, कधी जास्त येते. बोलता बोलता कानबाईचं निघालं. मला वाटलं हसेल. हसली नाही. तिची आजी कुसुमलता पर्युषणात उपास करते, घरातलं कोणी तिला अडवू शकत नाही, असं सांगत बसली. मग म्हणाली, ताई, उपाशी पोट, रात्रीचं जागरण, चुकलेली गोळी आणि डफापुढे भराभर श्वास, या चारही गोष्टी फिटला आवतण देतात. देवी तुमच्याकडे येते की नाही ते मी कोण सांगणारी. पण फिट का येते ते मी सांगू शकते.

नंतर तिनं मला जे शिकवलं ते ऐकून अक्कांनी कपाळाला हात लावला. यासाठी दवाखान्यात जातात का? आधी आडवं पडायचं. पायाची बोटं आवळायची, सोडायची. मग पोटऱ्या, मांड्या, पोट, मुठी, खांदे, असं करत कपाळापर्यंत. आवळल्यावर कसं वाटतं आणि सोडल्यावर कसं, ते बघायचं. जबड्यापाशी आले तेव्हा लक्षात आलं की माझा जबडा लग्नापासून आवळलेलाच होता. सोडला तर डोळ्यांतून पाणी आलं. मग श्वास. पोटावर हात ठेवायचा, नाकानं सावकाश आत, आणि बाहेर सोडताना गरम दूध फुंकून निववतो तसा, लांब. रोज सकाळ-संध्याकाळ, फिट असो नसो. खणून दमल्याशिवाय विहिरीला पाणी लागत नाही, तसंच हे.

आणि करंगळीला मुंग्या आल्या की? हातातलं खाली ठेवायचं. आहे तिथे, जमिनीवर बसायचं. डाव्या हाताची मूठ जोरात मिटायची, उघडायची. श्वास लांब. आणि मोठ्यानं बोलायचं, आपलं नाव, आपण कुठे आहोत, समोर काय आहे. मी पुनम. मी जळगावात. समोर शेगडी आहे. पहिल्यांदा केलं तेव्हा शेजारीण धावत आली, तिला वाटलं मी फोनवर कोणाला पत्ता सांगतेय.

प्रियलनं आधीच बजावलं होतं की गोळी एक दिवस चुकवायची नाही, हे गोळीच्या बदली नाही, गोळीच्या जोडीला आहे. आणि दर वेळी जमेलच असं नाही. खरंच जमलं नाही. एकदा मुंग्या आल्या आणि विरून गेल्या, मी देवापुढे साखर ठेवली. पुढच्या खेपेला शुद्धीवर आले तर स्वयंपाकघरात जमिनीवर. मी तणतणत प्रियलकडे गेले. म्हटलं, तुमच्या श्वासाचा काय उपयोग? तिनं विचारलं, कढई कुठे होती? ओट्यावर. गॅस? बंद केला होता. लागलं कुठे? कुठेच नाही. ती म्हणाली, “ताई, तुम्ही पडला नाहीत. तुम्ही बसलात, मग फिट आली. पोर मांडीवर असती तर ती आधी जमिनीवर गेली असती, आणि तुम्ही नंतर.”

ते वाक्य मी घरी पदरात बांधून आणावं तसं आणलं. प्रेमराजलाही तिनं बोलावून शिकवलं, बायकोला कुशीवर कसं वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, पाच मिनिटांच्या वर गेलं तर सरळ दवाखाना. चप्पल पायात ठेवायची. तो खालमानेनं हो हो म्हणत होता. मग आम्ही घरात पलंग काढून टाकला, जमिनीवर गाद्या घातल्या. पोरीचं सगळं खाली बसूनच करायचं ठरवलं. तिची अंघोळ प्रेमराज घरी असेल तेव्हा. शेजारीण दुपारी डोकावून जायला तयार झाली. एवढं सगळं मांडून मी अक्कांना म्हटलं, अक्का, पोर माझ्याकडे राहू द्या.

अक्का म्हणाल्या, कानबाई होऊ दे, मग बघू. पण भूमिकाचे सगळे कपडे, अगदी थंडीचं टोपडंसुद्धा, त्यांनी पिशवीत भरलं. श्रावणात टोपडं! मला काय ते कळलं.

गावी गेलो. कुंदाबाईनं तिच्या घरात पोरीसाठी झोळी बांधून ठेवली होती, मला मुद्दाम दाखवली. मी रविवारी जेवले. उपास सोडून सून जेवली, ही पहिली बोंब. संध्याकाळी कानबाईची ओटी भरली, दोन गाणी म्हटली, गोळी घेतली आणि मागच्या खोलीत जाऊन झोपले. प्रेमराज दाराबाहेर खुर्ची टाकून बसला आणि उठवायला आलेल्या प्रत्येक बाईला परत पाठवलं. त्यानं आयुष्यात केलेलं हे एकच धाडस, पण माझ्यासाठी केलं, मी ते विसरणार नाही. आवाज येत होते बाहेर. कानबाई बसलीय आणि सून निजलीय! इतक्या वर्षांत असं घडलं नव्हतं. अक्का माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत.

सकाळी मिरवणूक निघाली. आमच्यात मारुतीच्या पारापर्यंत चौरंग घरातल्या सुना आळीपाळीनं डोक्यावर घेतात आणि पारापासून नदीपर्यंत घरातली सगळ्यात मोठी बाई. म्हणजे अक्का. तोवर भूमिका त्यांच्या कडेवर होती. प्रेमराज पुढे बँडवाल्यांबरोबर. पारापाशी आलो आणि सगळे थांबले. अक्का आता पोर कोणाकडे तरी देणार आणि चौरंग घेणार. कुंदाबाई हात पुढे करून तयारच होती. आणि बाकीच्या बाया माझ्याभोवती. दरवर्षी इथेच येते ना हिच्या अंगात! धुपाटणं माझ्या नाकासमोर, डफ कानाशी, वरून येऊ दे माय, येऊ दे.

करंगळीला मुंग्या आल्या.

मी होते तिथे, रस्त्यावर, बसले. आली, आली, असा एकच गलका झाला. कोणीतरी कपाळावर कुंकू थापलं. मी डावी मूठ मिटत होते, उघडत होते. पोटात झोका सुरू झाला होता. श्वास लांब सोडला, पुन्हा सोडला. मी पुनम. मी पारासमोर. समोर अक्का. ओठ हलत होते पण त्या दणदणाटात मलाच माझा आवाज येईना. मग रीतीप्रमाणे डफ थांबले. देवी बोलते तेव्हा वाजंत्री थांबलीच पाहिजे. इतकी शांतता झाली की नदीचं पाणी ऐकू आलं. झोका हळूहळू खाली यायला लागला.

अक्का पुढे आल्या. रात्रभर माझ्याशी न बोललेल्या अक्का पोर कडेवर घेऊन माझ्यापुढे वाकल्या, एका हातानं माझ्या पायाला शिवल्या आणि म्हणाल्या, “माय, काय जोयजे तुले?”

काय पाहिजे तुला. खरं सांगते, त्या क्षणी माझ्या जिभेवर आलं होतं. डोळे फिरवायचे, आवाज घोगरा करायचा आणि म्हणायचं, पुनमची लेक पुनमच्या ओटीत घाल. बस्स. अक्कांनी त्याच पावली दिली असती, कुंदाबाईनं झोळी सोडली असती, अख्ख्या भाऊबंदकीत कोणाची टाप नव्हती नाही म्हणायची. मला ते करावंसं वाटलं, फार वाटलं. भूमिका माझ्याकडे बघून बोटं चोखत होती.

पण कानबाई माझीसुद्धा आहे. तिच्या नावावर मी खोटं मागू? आणि कानबाई बनून मागितलेली पोर सांभाळायची कोणी? घरी गेल्यावर तर मी पुनमच असणार, मुंग्या येणारी. माझी मूठ अजून चालूच होती. मी श्वास घेतला आणि या वेळी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

“अक्का, मी पुनम आहे. कानबाई आलेली नाही. मला फिट येत होती, ती बहुतेक फिरली. माझी लेक मला द्या.”

बाया मागे सरल्या. कुंदाबाई म्हणाली, रात्री झोपली ना, देवी कोपली. कोणीतरी चुकचुकलं. अक्का मात्र तशाच वाकलेल्या राहिल्या, त्यांच्या गुडघ्यांना ते सोसत नाही तरी. मग हळू आवाजात, फक्त मला ऐकू येईल असं त्यांनी विचारलं, देवीच्या नावानं मागितली असती तर मला नाही म्हणता आलं नसतं, हे तुला माहीत होतं ना?

मी म्हटलं, हो.

मग का नाही मागितली?

“तुम्ही भीतीपोटी दिली असती अक्का. आणि मला पुढची फिट आली की परत नेली असती.”

अक्का सरळ झाल्या. माझ्याकडे बघितलं, माझ्या डाव्या मुठीकडे बघितलं, मी बसले होते त्या रस्त्याकडे बघितलं. कुंदाबाईचे हात अजून पुढेच होते. अक्कांनी त्या हातांना वळसा घातला आणि भूमिकाला माझ्या मांडीवर ठेवलं.

“खालेच बशेल शे,” त्या म्हणाल्या, “आते आखो कोठे पडशी?”

खालीच बसली आहेस, आता आणखी कुठे पडणार. मग त्यांनी पदर खोचला, चौरंग डोक्यावर घेतला आणि कुंदाबाईला सांगितलं की पोरीची पिशवी तुझ्या घरी आहे ती आमच्याकडे आणून ठेव, हे तिघं उद्या जळगावला जातील. कुंदाबाई काहीतरी बोलली. अक्कांनी ऐकलं नाही. डफ सुरू झाले आणि सगळा घोळका नदीकडे उतरला.

मी आणि माझी लेक, दोघीच उरलो. समोर कोणी हात पसरून बसलेलं नव्हतं. त्या टेंगळानंतर पहिल्यांदा. भूमिकानं माझ्या कपाळावरचं कुंकू बोटानं खरवडलं आणि तोंडात घातलं, मी ते बोट काढलं, पुसलं, ती चिडली, रडली, मी तिला थोपटलं. मला हुंदका आला आणि मी तो अडवला नाही. उठून सावलीत जावंसं वाटत होतं, ऊन चढत होतं, पण करंगळी अजून पूर्ण शांत नव्हती. मी पदर तिच्या डोक्यावर धरला आणि सगळे परत येईपर्यंत तिथेच, जमिनीवर, बसून राहिले.